यकृताचा विकार आणि जीवाणूंचा संसर्ग : ताप अंगावर काढू नये

हिपॅटायटिस ‘बी’ किंवा ‘सी’चे निदान झालेल्या व्यक्तीचे सारे लक्ष विषाणूवर असते आणि ते स्वाभाविकही आहे. ‘सी’ आता बहुतेकांमध्ये ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. ‘बी’ वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवता येतो. परंतु यकृत सिरोसिसच्या अवस्थेला पोहोचले असेल, तर विषाणू हटल्यानंतरही एक धोका उरतो. तो जीवाणूंचा.

आतड्यांतून निघालेले रक्त पोर्टल शिरेवाटे प्रथम यकृतात येते. त्याबरोबर आलेले जीवाणू तेथील कुप्फर पेशी गिळून टाकतात. सिरोसिसमध्ये यकृतात व्रणतंतू माजतात आणि बरेचसे रक्त यकृताला वळसा घालून, न गाळताच पुढे जाते. जीवाणूंशी लढणारी काही प्रथिनेही यकृतातच तयार होतात. तीही कमी पडू लागतात.

जलोदर झालेल्या रुग्णात ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे आतड्यातले जीवाणू पोटात साठलेल्या पाण्यात शिरतात. त्याची लक्षणे फसवी असतात. कधी बारीक ताप, कधी पोटदुखी, तर कधी केवळ गुंगी किंवा बोलण्यातील असंबद्धता. म्हणूनच प्रकृती बिघडताच सुईने थोडे पाणी काढून तपासतात. त्यात दर घन मिलिमीटरमागे २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल पेशी आढळल्यास जीवाणूची ओळख पटण्याची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक जीवाणू ओळखून असावे : व्हिब्रिओ व्हल्निफिकस. तो उबदार, मचूळ किनारी पाण्यात वाढतो आणि कच्च्या ऑयस्टरमधून शरीरात जातो. निरोगी माणसाला त्याचा त्रास बहुधा जुलाबापुरताच होतो. यकृतविकार असलेल्याच्या मात्र तो रक्तात पसरून एकदोन दिवसांत प्राण घेऊ शकतो. उघड्या जखमेवाटेही तो शिरतो. २००३ साली कॅलिफोर्नियाने मेक्सिकोच्या आखातातील, एप्रिल ते ऑक्टोबर या काळात काढलेल्या, प्रक्रिया न केलेल्या कच्च्या ऑयस्टरच्या विक्रीवर बंदी घातली. त्यानंतर तेथील असे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले. कोकणात आपण हीच कालवे शिजवून खातो. धोका आहे तो कार्यालयीन मेजवानीत लिंबू पिळून समोर येणाऱ्या कच्च्या ऑयस्टरमध्ये. लिंबाने किंवा मद्याने हा जीवाणू मरत नाही. तो मरतो पुरेशा उष्णतेने.

यकृतविकार असलेल्याने ताप, पोटदुखी किंवा गोंधळलेपणा जाणवताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि आपल्या आजाराची कल्पना द्यावी. घरातील जुनी प्रतिजैविके किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके स्वतःहून घेऊ नयेत. फ्लू व न्यूमोकोकसच्या लसींबाबत विचारून घ्यावे.

आणि ज्यांनी कधीच चाचणी केलेली नाही त्यांचे काय? अमेरिकेच्या सीडीसीने २०२३ पासून प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा तरी हिपॅटायटिस ‘बी’ची रक्ततपासणी करावी, अशी शिफारस केली आहे. हा आजार अनेक वर्षे लक्षणांविना राहू शकतो. स्वतःला पूर्ण निरोगी समजून ऑयस्टरची बशी पुढे ओढणाऱ्यासाठी ही तपासणी म्हणूनच अधिक मोलाची आहे.