कॅमेऱ्याचं कार्ड: कंपनीचं की खुलं?

व्हिडिओ कॅमेरा घेताना लेन्स आणि सेन्सरची चौकशी सगळेच करतात, कार्डाचा खर्च मात्र मागाहून कळतो. काही कॅमेऱ्यांना त्या-त्या कंपनीचंच कार्ड लागतं. काहींना अनेक कंपन्या बनवतात ती एसडी किंवा सीएफएक्सप्रेससारखी खुली कार्डं चालतात. निवड करण्याआधी थोडा हिशेब मांडावा.

कॅमेऱ्याच्या मेनूत रेकॉर्डिंगचा वेग मेगाबिटमध्ये दिलेला असतो, कार्डावर मेगाबाइटमध्ये. म्हणून आठाने भागायचं. ४०० मेगाबिटचं फोर-के रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला ५० मेगाबाइट. १२८ जीबीचं कार्ड त्यात साधारण ४२ मिनिटांत भरतं.

आता एसडी कार्ड हातात घ्या. त्यावर ठळक छापलेला १७०सारखा आकडा बहुधा वाचण्याचा कमाल वेग असतो. आपल्या कामाची खूण बारीक असते: व्ही३०, व्ही६० किंवा व्ही९०. सेकंदाला किमान तेवढे मेगाबाइट सलग लिहिले जातील, अशी ही हमी. आपल्या ५० मेगाबाइटला व्ही६० हवं. सीएफएक्सप्रेसवर अशीच हमी व्हीपीजी २०० किंवा ४०० अशी दिलेली असते. लिहिण्याचा वेग कमी पडत राहिला, की कॅमेऱ्याचा बफर भरतो आणि रेकॉर्डिंग थांबतं.

ही हमी पूर्वी खुल्या कार्डांत मिळत नव्हती, म्हणूनच कंपन्यांनी आपापली कार्डं काढली. पॅनासॉनिकच्या २००४ सालच्या पी-टू कार्डाच्या पोटात चक्क चार एसडी कार्डं एकत्र काम करत. २००७ मध्ये सोनी आणि सॅनडिस्कने एसएक्सएस कार्ड आणलं. ते महाग असल्यामुळे सोनीच्या ईएक्स-१ कॅमेऱ्यात लोक अडॅप्टर लावून एसडी कार्ड घालू लागले. ३५ मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला साडेचार मेगाबाइटही न लागणारं नेहमीचं रेकॉर्डिंग त्यावर बिनबोभाट चाले. स्लो मोशन लावलं की सेकंदाला जास्त फ्रेम लिहाव्या लागत आणि तिथे एसडी कार्ड अडखळे.

आज चित्र पालटलं आहे. सीएफएक्सप्रेस संगणकातल्या एसएसडीचंच पीसीआयई-एनव्हीएमई तंत्र वापरतं. एके काळी स्वतःची कार्डं विकणाऱ्या रेड कंपनीनेही व्ही-रॅप्टर कॅमेऱ्यात सीएफएक्सप्रेस टाइप बी घेतलं. मात्र सीएफएक्सप्रेसचे टाइप ए आणि टाइप बी आकाराने वेगळे आहेत. एकाच्या खाचेत दुसरं बसत नाही, आणि टाइप ए मुख्यतः सोनीच्या कॅमेऱ्यांतच दिसतं. म्हणजे मानक खुलं असलं तरी पर्याय मोजकेच असू शकतात.

तेव्हा नवा कॅमेरा घेणार असाल तर खुल्या कार्डाचाच घ्या. कार्ड कॅमेरा कंपनीच्या मान्य यादीतलं निवडा. जुना कॅमेरा कंपनीच्याच कार्डावर चालत असेल, तर कार्डाबरोबर चालू स्थितीतला रीडरही आहे ना, ते आधी पाहा. कार्ड कोणतंही असो, कामावर नेण्यापूर्वी सर्वांत जड मोडमध्ये ते एकदा पूर्ण भरून, फुटेज संगणकावर उतरवून तपासा.