फायबर कुजत नाही, कुजते आतले लाकूड

१९५९च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये 'ट्रायटन' ही २८ फुटी शिडाची होडी लोकांसमोर आली. कार्ल अल्बर्ग यांनी आखलेल्या या होडीचे पिअर्सन कंपनीने सुमारे ७०० नग विकले. फायबरग्लास तेव्हा नवखे होते, म्हणून तळ चांगला जाडजूड घडवला गेला. जेम्स बाल्डविन या अमेरिकी खलाशाने अशाच जुन्या ट्रायटनमधून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेव्हा केवळ वय झाले म्हणून फायबरची होडी निकालात काढणे चूक आहे. तिचा खरा शत्रू पाणी आहे. डेक हलका आणि ताठ राहावा म्हणून फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड भरलेले असते. डेकवरच्या बोल्टांभोवतीचे सीलंट वाळून तडकले की पाणी आत झिरपते आणि लाकूड कुजते. छोट्या हातोडीने डेक ठोकत गेले, तर निरोगी जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द.

कुजलेल्या डेकची दुरुस्ती घरी जमण्यासारखी आहे, कारण तिला महागडी यंत्रे नव्हे, चिकाटी लागते. वरचा थर कापून ओले लाकूड खरवडायचे, पोकळी पूर्ण वाळवायची, नवा गाभा इपॉक्सी रेझिनने चिकटवायचा आणि वर काचेचे कापड बसवायचे. घाई नडते ती सांध्यात. जुना थर कधीच कडक झालेला असल्याने नवे रेझिन त्यात मिसळून एकजीव होत नाही, फक्त चिकटून राहते. म्हणून कडा घासून लांब उतार देतात: ३ मिलिमीटर जाडीला साधारण ३६ मिलिमीटर. चिकटायला जागा जितकी जास्त, तितका सांधा पक्का. जुन्या फायबरला पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी अधिक घट्ट धरते. मात्र हार्डनर ठरल्या प्रमाणातच घालावा; जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, थर कच्चा राहतो.

हौशी माणसाच्या हातच्या कामावर समुद्रात भरवसा ठेवावा का, हा आक्षेप रास्त आहे. कील, सुकाणू आणि डोलकाठीचा आधार यांची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. काचेची धूळ आणि रेझिनची वाफ घातक असल्याने योग्य मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. एवढ्या कष्टांपेक्षा होडी मोडीत का काढू नये, असेही कोणी विचारेल. पण होडीच्या फायबरमधले रेझिन एकदा कडक झाले की वितळवून पुन्हा वापरता येत नाही. जुन्या होड्यांची विल्हेवाट ही एवढी मोठी अडचण आहे की फ्रान्सने त्यासाठी २०१९मध्ये स्वतंत्र यंत्रणा सुरू केली. खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे: शिडे, इंजिन आणि दोरखंड बदलायचे झाले, तर फायबरचे काम त्यापुढे स्वस्त ठरते. त्यामुळे जुनी होडी घेताना रंगाकडे पाहू नका. आधी डेक ठोकून पाहा, मग इंजिन आणि शिडांचा हिशेब मांडा. तळ शाबूत असेल आणि हिशेब झेपत असेल, तर ती होडी वाचवणेच शहाणपणाचे.