धानाचे चुकारे आणि मोबाईलवरचा आकडा

आमगावकडच्या शेतकरी बंधू-भगिनींनो, धानाचे चुकारे खात्यात जमा झाले की घरातल्या मोबाईलकडेही जरा लक्ष असू द्या.

संगणकावरच्या खेळांचे हल्ली व्यावसायिक सामने होतात. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या सामन्यात बहुधा तीन डाव असतात. प्रत्येक डावाचे मैदान वेगळे, त्याला ‘मॅप’ म्हणतात. दोन मॅप जिंकणारा संघ विजयी. पैसा मात्र एकेका मॅपवरही लागतो. समजा, अमका संघ हा मॅप जिंकेल याच्या ‘होय’चा भाव ६ रुपये, ‘नाही’चा ४. अंदाज खरा ठरला तर १० हाती येतात, चुकला तर लावलेले सारे बुडाले. चालवणाऱ्याची दलाली वेगळीच!

याला म्हणे बाजार म्हणायचे. धानाच्या बाजारात निदान पोते तरी असते. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावावर पूर्वी मुंबईत आकडा लागे. तो बंद पडल्यावर १९६२ साली वरळीत मटका निघाला. हा त्याचाच धाकटा भाऊ.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. नुसते खेळायला मनाई नाही. चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्यास या कायद्यात शिक्षा नाही, तेव्हा मुलाने रक्कम घालवली असेल तर त्याला घरात मोकळेपणी सांगू द्या. जिंकलेले पैसे देण्यासाठी कोणी आणखी पैसे मागत असेल, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.