कड्यावरचे द्राक्षमळे

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरील ‘चिंक्वे तेर्रे’ या पाच गावांचे द्राक्षमळे थेट समुद्रात उतरणाऱ्या कड्यांवर आहेत. शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या चुन्याशिवाय नुसते दगड रचून गडगे घातले व त्यांआड माती धरून वेली वाढविल्या. खुडलेली द्राक्षे पाठीवरून किंवा एका रुळावरील छोट्या दंतुर गाडीने वाहून नेतात. निवडक घड सुकवून ‘शाक्केत्रा’ हे गोड मद्य घरोघर करतात. पाहुण्यांना त्याची चव आठवते. खरे कसब मात्र गडग्यांत आहे. युनेस्कोने १९९७ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा ठरविला, तथापि त्यापूर्वीच तरुण शहरांकडे वळून अनेक मळे ओस पडले होते. गडगा ढासळला की माती सुटते. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत व्हेर्नात्सा व मोंतेरोस्सो येथे चिखलाचे लोट घरांत शिरले. पडीक मळे पुन्हा लागवडीखाली आणण्यास तेथील राष्ट्रीय उद्यान साहाय्य करीत आहे.