परदेशातील कपड्यांचे दुकान आणि आपला बस्ता



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील मुले-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिका, इंग्लंड, जर्मनी आणि आखाती देशांत जाऊ लागली आहेत. जाण्यापूर्वी पासपोर्ट, व्हिसा, तिकीट याबद्दल आपण दहा जणांना विचारतो. तिथे गेल्यावर कपडे कसे घ्यायचे हे मात्र कोणी विचारत नाही. त्यात विचारण्यासारखे काय आहे, असे आपल्याला वाटते. परंतु सुट्टीत शाळेला भेट देणारे माजी विद्यार्थी सांगतात की पहिला गोंधळ उडाला तो तिथेच. कोणी संकोचाने दुकानातून रिकाम्या हाताने परत येतो, तर कोणी पहिला हिवाळा पातळ स्वेटरवरच काढतो. संकोचामुळे तब्येतीवर बेतू नये, म्हणून हा विषय आज घेतला आहे.

सांस्कृतिक धक्का म्हणजे काय?

अनोळखी समाजात गेल्यावर रोजच्या साध्या गोष्टीसुद्धा जमेनाशा होतात आणि माणूस गांगरतो, चिडतो. याला सांस्कृतिक धक्का म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ साली ब्राझीलमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात या अवस्थेचे वर्णन केले. आधी सगळे छान वाटते, मग सगळे नकोसे होते, हळूहळू समजू लागते आणि शेवटी अंगवळणी पडते, असा त्याचा क्रम त्यांनी सांगितला. तेव्हा असा धक्का बसणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. तो शिकलेल्या माणसालाही बसतो.

भरवसा कोणावर?

आपल्याकडे लग्नाचा बस्ता घ्यायचा म्हणजे घरातील पाच-सात माणसे निघतात. दुकानदार गादीवर बसवतो, पाणी विचारतो, चहा मागवतो. एकामागून एक साड्या उलगडल्या जातात. भाव सांगितला जातो, तो कमी करून मागितला जातो, उठून जाण्याचे नाटक होते, दुकानदार पुन्हा बोलावतो आणि शेवटी मधल्या भावावर सौदा ठरतो. यात केवळ पैशाचा हिशोब नसतो. दुकानदार आपल्या वडिलांना ओळखतो, वेळेला उधारीही देतो. आपला भरवसा त्या माणसावर असतो.

परदेशातील मोठ्या दुकानात असे बसवून दाखवणारे सहसा कोणी नसते. कपडे टांगलेले असतात. आपणच काढायचे, घालून पाहायचे आणि नको असल्यास परत ठेवायचे. किंमत चिठ्ठीवर छापलेली असते. भाव कमी करून मागितला तर काउंटरवरची मुलगी नुसती पाहत राहते, कारण तो कमी करण्याचा अधिकार तिला नसतो. तिथे भरवसा असतो तो चिठ्ठीवर आणि पावतीवर.

ही पद्धत त्यांच्याकडेही पूर्वीपासून सर्वत्र नव्हती. युरोपातही बाजारात घासाघीस चालत असे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथाच्या लोकांनी, एक भाव सांगून दुसऱ्या भावाने विकणे म्हणजे खोटे बोलणे, असे मानून एकच भाव ठेवायला सुरुवात केली. पुढे १८५२ नंतर पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या दुकानाने निश्चित किमतीची रीत मोठ्या प्रमाणावर चालवली. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात जॉन वॅनामेकर यांनी १८७६ साली रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या जागेत प्रचंड दुकान उघडले आणि एकच भाव व माल न आवडल्यास पैसे परत, या दोन गोष्टींचा मोठा प्रचार केला.

आपला नंबर कोणता?

दुसरी अडचण मापाची. साडी, धोतर, शेला यांना नंबर नसतो. बाकीचे कपडे आपण शिंप्याकडून अंगाचे माप देऊन शिवून घेत आलो. म्हणजे कपडा आपल्या अंगाप्रमाणे बनत असे. तिथे मात्र तयार कपड्यांत आपले अंग बसवायचे असते, आणि नंबरही देशागणिक बदलतो. इंग्लंडमध्ये बायकांच्या कपड्याचा जो १२ नंबर, तो अमेरिकेत साधारण ८ होतो. पुरुषांच्या शर्टाची साडेपंधरा इंची कॉलर युरोपात सेंटिमीटरमध्ये ३९ किंवा ४० होते. आपल्याकडचा ८ नंबरचा पुरुषांचा बूट अमेरिकेत सुमारे ९ नंबरचा असतो. यासाठी सोपा उपाय म्हणजे जाण्यापूर्वी शिंप्याकडून छाती, कंबर, खांदा, बाही, पायाची लांबी अशी सर्व मापे इंच व सेंटिमीटर दोन्हींत लिहून घ्यावीत. आणि घालून पाहिल्याशिवाय काही घेऊ नये.

किंमत, कर आणि परती

आपल्याकडे छापील कमाल किमतीत सर्व कर आलेले असतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत विक्रीकर काउंटरवर वेगळा लागतो. त्यामुळे हातात मोजून धरलेले पैसे कमी पडतात आणि मुलाला वाटते की आपल्याला फसवले. न्यू जर्सीसारख्या राज्यात मात्र बहुतेक कपड्यांवर हा कर नाही. इंग्लंडमध्ये २० टक्के कर किमतीतच धरलेला असतो आणि लहान मुलांच्या कपड्यांवर तो लागत नाही.

परतीचेही तसेच. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वाचत आपण मोठे झालो. तिथे पावती दाखवली की पुष्कळ दुकाने चांगला कपडासुद्धा परत घेतात आणि कारणही फारसे विचारत नाहीत. पण ही दुकानाची सवलत आहे, सर्वत्र कायद्याचा हक्क नव्हे. इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याप्रमाणे सदोष माल ३० दिवसांत परत करण्याचा हक्क आहे. नुसता रंग आवडला नाही म्हणून दुकानात जाऊन घेतलेला माल परत करण्याचा नाही. आपल्या देशातही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. हे पालकांनीही ध्यानात ठेवावे.

जुन्या कपड्यांची दुकाने

सर्वांत मोठा धक्का बसतो तो इथे. आपल्याकडे जुने कपडे भांडेवालीला देऊन एखादे पातेले घेतात. परक्याचा वापरलेला कपडा विकत घेऊन अंगावर घालणे आपल्याला कमीपणाचे वाटते. तिकडे अशा कपड्यांची स्वच्छ, व्यवस्थित दुकाने असतात. अमेरिकेत ‘गुडविल’ ही संस्था १९०२ साली बोस्टनमध्ये सुरू झाली, इंग्लंडमध्ये ‘ऑक्सफॅम’ची दुकाने आहेत. लोक कपडे दान देतात, विक्रीचे पैसे समाजकार्याला जातात. तेथे प्राध्यापकही खरेदी करतात आणि विद्यार्थीही. नव्या गरम कोटाची किंमत रुपयांत मोजली की छातीत धस्स होते. असा कोट तेथे थोडक्यात मिळतो. घरी आणून धुऊन वापरला तर त्यात लाज कसली? कर्ज काढून मुलाला पाठवलेल्या आईवडिलांनी ‘दुसऱ्याचा कपडा कशाला घातलास?’ असे फोनवर म्हणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आनंदीबाईंचा धडा

ज्या फिलाडेल्फियाचा उल्लेख वर आला, त्याच शहरात आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी राहिल्या. जून १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहत आणि तिथली थंडी सोसत नसे. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने, पाय झाकले जातील अशी साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. १८८५ सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात त्या, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात दिसतात. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पण तब्येत ढासळत गेली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले.  आज आपल्या मुलांना विचारण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

लक्षात ठेवण्यासारखे

१. पावती जपून ठेवा. परतीची मुदत दुकानातच विचारून घ्या.
२. पावती बघून खात्री होईपर्यंत कपड्याची चिठ्ठी तोडू नका.
३. मोठ्या दुकानात भाव करू नका. आखाती देशांतील जुन्या बाजारांत मात्र भाव करण्याची रीत आहे.
४. जर्मनीत रविवारी कपड्यांची दुकाने सहसा बंद असतात. खरेदी शनिवारपर्यंत उरका.
५. गरम कपडे थंडी सुरू होण्यापूर्वी घ्या. स्वस्त होण्याची वाट पाहत आजारी पडू नका.
६. समजले नाही तर विचारा. विचारणाऱ्याला तिथे कोणी हसत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तिथल्या शर्टाच्या कॉलरमागची पट्टी वाचाल तर पुष्कळदा भारत किंवा बांगलादेशचे नाव दिसेल. आपला जिल्हा कापसाचा आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील तो कापूस वेचतात. त्यामुळे त्या दुकानात मान खाली घालून शिरण्याचे काही कारण नाही. तिथले नियम शिकून घ्या, आणि गावी आल्यावर आपल्या दुकानदाराच्या गादीवर बसून चहाही आवडीने प्या.