डांबरगोळीने बुरशी जात नाही

भाद्रपदात महालक्ष्म्या बसवायच्या म्हणून पेटी उघडली, की साडी दिसायच्या आधी वास येतो. सेनगाव तालुक्यातले साखरा असो की हिंगोली शहर, पावसाळाभर बंद राहिलेल्या पेटीचा तो कुबट वास सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मग घडीवर पांढरा भुरा दिसतो, सुती परकरावर काळे ठिपके. यावर ठरलेला उपाय म्हणजे कपडा झटकायचा, पुन्हा घडी घालायची आणि वर चार डांबरगोळ्या टाकायच्या. याने बुरशी जात नाही. घरात तान्हे बाळ असेल, तर ही गोळी बुरशीपेक्षाही घातक ठरू शकते.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, पेटी कितीही घट्ट लावा. ते रुजतात ओलाव्यावर. सोयाबीन विकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. खरेदी केंद्रावर मॉइश्चर मीटरचा आकडा 12 टक्क्यांच्या वर गेला, की कटकट सुरू होते, कारण ओला माल पोत्यात बुरसटतो. कापडाचेही तसेच. हाताला कोरड्या लागणाऱ्या सुती कापडातही वजनाच्या 7-8 टक्के पाणी असते आणि हवा दमट झाली की ते आणखी ओढून घेते. हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकली, की बुरशीचे काम सुरू. त्यात लोखंडी पेटी ओलसर भिंतीला टेकलेली असेल, तर रात्री पत्रा गार पडून आतल्या बाजूला दव धरते.

खाद्य आपणच पुरवतो. साडीची खळ म्हणजे पिठूळ पदार्थ, बुरशीचे आवडते. घाम आणि तेलाचे डागही चालतात. सुती धागा तर ती थेट पचवते, म्हणून जुन्या डागाच्या जागी कापड बोटाने फाटते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू असेच कुजले. त्यातून सापडलेली बुरशी ट्रायकोडर्मा कुळातली होती. हळदीच्या कंदकुजीसाठी आपल्याकडे शेतकरी जे ट्रायकोडर्मा वापरतात, त्याची ही चुलत बहीण. तिची विकरे आज जीन्सला धुवट रंग आणायला वापरतात.

आता भीतीबद्दल. 2021 मध्ये ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी पोहोचला, तेव्हापासून कपड्यावरचा काळा ठिपका पाहून लोक दचकतात. म्युकरमायकोसिस हा वेगळ्या बुरशीचा आजार. तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असणाऱ्यांना किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना गाठतो. गजकर्णाची बुरशीही निराळी. ती पसरते एकमेकांचे टॉवेल आणि कपडे वापरल्याने. पेटीतल्या बुरशीचा खरा त्रास म्हणजे शिंका, खोकला आणि दमेकऱ्याला उठणारी धाप. मेलेले बीजाणूही हा त्रास देतात. म्हणून कपडे घरात झटकू नयेत. नाकाला रुमाल बांधून अंगणात न्यावेत, कोरडेच ब्रशने झाडावेत, मग धुवावेत. सुती असतील तर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. रेशमी साडीला सावलीतला वारा पुरे. ब्लीचिंग पावडर फक्त पांढऱ्या सुती कपड्याला, आणि तिच्यात व्हिनेगर किंवा संडास साफ करायचे ॲसिड कधीच मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅप्थॅलीन. तिची वाफ कसरीला मारते, घरातल्या ओलाव्याला काही करत नाही. ती वाफ कापडात मुरते. आजीने जपून ठेवलेली झबली, टोपडी, दुपटी बाळंतपणाला बाहेर निघतात, तेव्हा ती बाळाच्या श्वासातून आणि कातडीतून आत जाते. नॅप्थॅलीन तेलात विरघळते, त्यामुळे तेल चोळलेल्या अंगात ते जास्त शिरते. काही बाळांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असते. हा दोष मुलग्यांमध्ये अधिक दिसतो आणि तो आहे हे बहुतेक घरांना माहीतच नसते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थॅलीनमुळे भराभर फुटतात. कावीळ वाढते, लघवी गडद होते, बाळ मलूल पडते, अंगावर पीत नाही. नवजात बाळाची कावीळ फार चढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे दिसले तर कोवळ्या उन्हाची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि कपड्यांत डांबरगोळ्या होत्या हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नेहमीच्या प्रश्नांत ते विचारले जाईलच असे नाही. थोड्या मोठ्या मुलांना ही गोळी पेपरमिंटसारखी दिसते, तो धोका आणखी निराळा.

बाळाच्या कपड्यांत ही गोळी टाकूच नये. आधीच टाकली असेल, तर कपडे धुऊन अनेक दिवस वाऱ्यावर ठेवावेत आणि वास पूर्ण गेल्याशिवाय घालू नयेत. शंका असेल तर नवे सुती कापड आणावे.

बाकी काम उन्हाचे. दसरा-दिवाळीच्या मधे आकाश निवळले, की दुपारी पेटी अंगणात उघडी ठेवावी, आतून कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी आणि पुन्हा ठेवताना भिंतीपासून चार बोटे दूर, दोन विटांवर ठेवावी. कपडे खळ धुऊन ठेवावेत. इस्त्री केलेला कपडा निवल्यावरच आत जावा. कडुलिंबाचा पाला घालायचाच असेल तर खडखडीत वाळलेला. ओला पाला म्हणजे बुरशीला पाहुणचार. पुढच्या पावसाळ्यात चार दिवस उघाड मिळाली, तर त्या दिवशी पेटी एकदा उघडावी.