बामणघळीची अस्सल प्रत

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते टेकडीवरील दशभुजा लक्ष्मीगणेशाच्या शुभ्र संगमरवरी मूर्तीमुळे. परंतु दर्शन आटोपून जो समुद्राकडे उतरतो आणि उमामहेश्वराच्या देवळाजवळून काळ्या कातळावर चालत जातो, त्याला त्या कातळाला पडलेली एक अरुंद, खोल चीर दिसते. आणि भरतीचे पाणी त्या चिरेत शिरून, दोन्ही भिंतींत कोंडले जाऊन, अखेर फेसाच्या स्तंभाच्या रूपाने आकाशाकडे झेपावताना त्याने एकदा पाहिले, म्हणजे बामणघळ हे नाव तो सहसा विसरत नाही. या घळीचे एक रंगीत पारदर्शक चित्र, ज्याला व्यवहारात आपण स्लाइड म्हणतो, घडीच्या कॅमेऱ्याने घ्यावे असा छंद मला गेली काही वर्षे जडला आहे.

घडीचा कॅमेरा मिटलेला असताना कोटाच्या खिशात मावतो. कळ दाबली की पुढचे झाकण उतरते, पोलादी पट्ट्या ताणून जागच्या जागी बसतात आणि काळा भाता भिंगाला पुढे घेऊन उभा राहतो. भाता हा शब्द लोहाराच्या भट्टीपाशी आणि बाजाच्या पेटीत आपण ऐकलेला. येथेही त्याचा स्वभाव पालटलेला नाही. घाईने उघडल्यास तो हवा ओढतो आणि त्या ओढीने आतली फिल्म आपले सपाट आसन सोडून किंचित पुढे फुगते. म्हणून कॅमेरा सावकाश उघडावा, आणि फिल्म पुढे सरकवायची ती उघडल्यानंतरच, हा या यंत्राचा पहिला कायदा. कोकणच्या दमट हवेत भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांना सुईच्या अग्राएवढी भोके पडतात आणि भिंगाला बुरशी धरते; तेव्हा दर पावसाळ्यानंतर अंधाऱ्या खोलीत भात्यात दिवा धरून त्याची तपासणी करणे हेही ओघाने आलेच.

1901 साली कोडॅक कंपनीने जी 120 क्रमांकाची रोल-फिल्म काढली, तीच आजही या कॅमेऱ्यात बसते. झाइस इकॉन कंपनीचा 1929 सालचा इकॉन्टा, आग्फाचा आयसोलेट, फोग्टलेंडरचा बेसा ही या कुळातील नामांकित घराणी. सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या आकारात एका रोलवर अवघी आठ चित्रे येतात. मात्र प्रत्येक चित्राचे क्षेत्रफळ पस्तीस मिलिमीटरच्या चित्राच्या पाचपटीहून अधिक भरते. पाठीमागे एक लहानशी तांबडी खिडकी असते आणि तीतून फिल्मच्या पाठच्या कागदावर छापलेले आकडे वाचून रोल गुंडाळायचा असतो. जुनी फिल्म तांबड्या प्रकाशाला आंधळी होती, म्हणून ती काच तांबडी; आजची रंगीत फिल्म मात्र तांबडे उत्तम पाहते, तेव्हा आकडा दिसताक्षणी खिडकी झाकावी लागते.

रंगीत पारदर्शिकेसाठी हे यंत्र जन्मलेले नव्हते, आणि म्हणूनच या दोघांची संगत मला विशेष मोलाची वाटते. 1935 साली मॅनिस आणि गोडाउस्की या दोन संगीतज्ञांच्या दीर्घ प्रयोगांतून कोडाक्रोम अवतरली. परंतु घडीच्या कॅमेऱ्याला रंगाचे दार उघडून दिले ते 1946 साली आलेल्या एक्टाक्रोमने. कोडाक्रोम धुणाऱ्या जगातील अखेरच्या प्रयोगशाळेने, अमेरिकेतील कॅन्ससमध्ये, 2010 च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणे थांबवले; एक्टाक्रोमही 2012 साली बंद पडली, पण 2018 मध्ये ती परतली आणि पुढल्याच वर्षी 120 च्या आकारातही मिळू लागली. एका शतकाचा कॅमेरा आणि दुसऱ्या शतकाची फिल्म अशी ही गाठ आहे.

निगेटिव्ह हा मसुदा असतो. त्याच्यावरून छापील प्रत काढताना उजेड कमीजास्त करून, रंग सारखे करून, चुकीवर पांघरूण घालता येते. स्लाइड हा अस्सल दस्तऐवज होय: हेदवीच्या पाण्यावरून परतलेला प्रकाश ज्या पट्टीवर पडला, तीच पट्टी आपण हाती धरतो, मधे नक्कल नाही, कारकून नाही, मखलाशी नाही. रसायनात पहिल्या बुडीत चांदीचे उलटे चित्र उमटते, मागे उरलेल्या क्षारांतून दुसऱ्या खेपेस रंगांचे सुलटे चित्र घडते, आणि शेवटी सारी चांदी धुऊन जाऊन पिवळा, किरमिजी आणि निळसर असे तीन रंगच काय ते शिल्लक राहतात.

उजेडातून चित्र पाहण्याची हौस मराठी माणसाला नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 पासून काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांच्या साह्याने ‘शांबरिक खरोलिका’ हा दिव्याचा खेळ गावोगाव दाखवला. रामायण-महाभारतातील प्रसंग पडद्यावर हालते करून लोकांना थक्क करणारा तो खेळ चित्रपटाच्या आधीचा. हाती धरलेली स्लाइड खिडकीसमोर नेली की मला प्रत्येक वेळी त्या काचांची आठवण होते.

या दस्तऐवजाचा जाच एवढाच, की त्याला चूक खपत नाही. दृश्यातील अत्यंत उजळ भाग अत्यंत काळ्या भागाच्या सुमारे तीसपट असला तर तो दोहोंना न्याय देतो. त्यापलीकडे एकाचा बळी द्यावाच लागतो. त्यातून जुन्या शटरमधील वंगण सुकलेले असते, आणि सेकंदाच्या दोनशेव्या भागाचा आकडा दाखवणारे पाते प्रत्यक्षात कितीतरी सावकाश मिटते. माझा पहिला रोल याच कारणाने फिकट, दुधाळ निघाला; तेव्हापासून प्रत्येक वेगाची खरी मापे कागदावर उतरवून ती कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवण्याचा परिपाठ मी ठेवला आहे.

बामणघळीपाशी खरी अडचण निराळीच निघाली, आणि ती मला उलगडून दाखवली ती ज्यांच्या घरी मी उतरत असे त्या वृद्ध बागायतदारांनी. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पाण्याला जेव्हा उधाण असते तेव्हा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा: ऐन माध्यान्हीच्या तोंडावर. त्या वेळी फेस डोळे दिपवणारा आणि चिरेचा गाभारा काजळासारखा. पारदर्शिकेला तो संग्राम झेपत नाही. उलट भरतीने संध्याकाळचा मऊ उजेड गाठावा तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमी. आणि अष्टमीला पाण्याचा भांग, घळीत पाणी नुसते डुचमळते. समुद्राने उजेड आणि उधाण ही दोन्ही एकाच वेळी देण्याचे जणू नाकारलेले आहे. दोहोंच्या मधे एकच वाट उरते, चतुर्थीची: चाराची पाऊणपट तीन. हिवाळ्यात तीनच्या सुमारास सूर्य पश्चिमेकडे कलून समुद्रावरून तिरपा चिरेत डोकावतो, आणि उधाणाचा जोर अद्याप पुरता ओसरलेला नसतो. दशभुजाच्या गावी गणपतीच्याच तिथीने वाट द्यावी, याचा मला मनोमन आनंद झाला.

मार्गशीर्षातल्या एका चतुर्थीला मी कातळावर उभा राहिलो. अंतर पावलांनी मोजून भिंगाच्या कड्यावर लावले, उजेडाचे माप कातळावरून न घेता फेसावरून घेतले, कारण पारदर्शिकेत उजळ भाग एकदा हरवला की तो पुन्हा हाती येत नाही; आणि पाणी चढेल तसतशी आठही चित्रे घेतली. रोल मुंबईस धुण्यास पाठवला. पंधरा दिवसांनी आठांतील सहा दोषास्पद ठरली, एक बरे, आणि एक असे निघाले की काळ्या चिरेतून उठलेल्या फेसाचा प्रत्येक तुषार स्वतंत्र मोजता यावा आणि खडकाच्या अंगावरचे ओले शेवाळे हिरवेगार उजळून यावे.

ते चित्र घेऊन मी पुन्हा हेदवीस गेलो. बागायतदारांनी ओटीवर बसून ते सुपाऱ्यांच्या शेंड्यांमागच्या आभाळाकडे धरले, चष्मा वर सारून डोळ्याजवळ आणले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

“पाणी चौथीचंच आहे,” ते म्हणाले, “पण डाव्या अंगाचा तो खडक अजून उघडा दिसतोय. तो बुडाल्यावर खरी उसळी येते. अर्धा तास आणखी थांबायला हवं होतंत.”

आठवे चित्र मी तेव्हा तीनला पंधरा मिनिटे कमी असतानाच घेऊन टाकले होते.